बुटकी निळी गाडी

१ फेब्रुवारी

काल माझी शेवटची फेरी झाली. आज सवयीनं उठले, आंघोळ केली, गणवेशाच्या शर्टाला हात घातला आणि मग आठवलं, आता कुठंच जायचं नाहीये. स्वयंपाकघरात आले तर हे ओट्याला टेकून उभ्यानं चहा पीत होते. म्हटलं, "अहो, बसा की जरा. आता मलाही घाई नाही." तर म्हणाले, "उभ्यानं चहा जास्त चांगला लागतो." वय वाढलं की माणूस काय काय शोध लावतो!

ही डायरी लेकीनं पाठवलीये. "आई, आता तुला प्रवासी नाहीत, डायरीशी बोल." प्रवाशांशी तरी मी कधी बोलले? बस चालवणाऱ्या बाईनं बोलायचं नसतं, रस्ता बघायचा असतो.

खरं सांगायचं तर कालची एक गोष्ट मनाला लागलीये. शेवटच्या फेरीला डेपोतले सगळे बसमध्ये चढले, टाळ्या वाजवल्या, हार घातला. फक्त हे नव्हते. पूर्वी शनिवारी दुकान बंद करून हे माझ्या बसमध्ये चढायचे, माझ्या मागच्या पहिल्या सीटवर बसायचे, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायचे. तिकीट काढून. वर्ष होत आलं, ते बंद पडलंय. काल तरी येतील असं वाटलं होतं. म्हणाले, एका गिऱ्हाइकाचा सोफा अर्जंट मढवून द्यायचाय. सोफा काय पळून जाणार होता?

जाऊ दे.

५ फेब्रुवारी

घरात बसून भिंती खायला उठल्या म्हणून मिस्त्रींच्या गॅरेजवर गेले. मिस्त्री पूर्वी डेपोत आमच्या बसची इंजिनं बघायचे, आता जुन्या गाड्या घेऊन ठाकठीक करून विकतात. चहा मागवला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि माझं लक्ष कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे गेलं. खालून एक चाक दिसत होतं. तारांचं चाक, सायकलसारखं.

"ते काय हो?"

"बघू नका ताई, झोप उडेल," असं म्हणत त्यांनीच ताडपत्री ओढली.

निळी स्पोर्ट्‌स कार. जुनी, पण अंगावर एक ओरखडा नाही. दोनच सीटा. छप्पर मागे दुमडलं जातं. इतकी बुटकी की शेजारी उभं राहिलं तर माझ्या कमरेला लागते. मी शाळेत असताना अशीच एक गाडी आमच्या रस्त्यानं गेली होती, आणि चप्पल तुटेपर्यंत मी तिच्यामागे पळाले होते. गाडी चालवायचं खूळ तिथूनच डोक्यात शिरलं. खूळ पुरं झालं म्हणा, पण बुटक्या निळीऐवजी वाट्याला आली भली थोरली लाल बस, आणि पाठीशी पन्नास माणसं.

मिस्त्रींनी किल्ली दिली. आत बसले आणि रस्ता एकदम नाकाशी आला. गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली. उतरले तेव्हा किल्ली परत द्यायचीच विसरले.

मिस्त्री म्हणाले, "तुमच्यासाठी ठेवतो. पण आधी भाऊंना विचारा."

८ फेब्रुवारी

विचारलं. जेवण झाल्यावर, सगळं ठरवून, गोड आवाजात.

हे म्हणाले, "दोन सीटा? लेक आली तर तिला काय छपरावर बसवणार?"

"लेक वर्षातून एकदा येते. आणि छप्पर दुमडतं."

"डिकी केवढी आहे?"

"दोन पिशव्या मावतात."

"महिन्याचं सामान दोन पिशव्यांत आणणार?"

"दोनदा जाऊ. मला आता कामच काय आहे?"

"वाऱ्यानं केस विस्कटतील."

मी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. त्यांनाही हसू आलं. डोक्यावर उरलेत ते केस विस्कटायचे म्हटले तरी कष्ट पडतील. पण हसून झाल्यावर म्हणाले, "नको गं. आपलं वय काय, गाडी काय." ताट उचललं आणि टेबलाला हात टेकत उठले. विषय संपला.

पैशाचं एका शब्दानं बोलले नाहीत. लोकांना काय वाटेल, हेही नाही. मग घोडं अडलंय कुठं?

१२ फेब्रुवारी

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण ह्यांना शब्द पुरत नाहीत. म्हणून उपाय बदलले. त्यांच्या आवडीचं जेवण केलं. मिस्त्रींकडून गाडीचा फोटो आणून फ्रिजवर लावला. दुपारी बघते तर फोटो तसाच, खाली पेन्सिलीनं लिहिलेलं, "छान आहे. पण नको."

अक्षर किती सुबक आहे ह्यांचं. राग आला तरी वाचावंसं वाटतं.

एक गंमत. जेवायच्या टेबलाशी ह्यांची खुर्ची माझ्यापेक्षा उंच दिसायला लागलीये. बघितलं तर खाली जाडजूड नवी गादी. म्हणाले, "नमुना आहे. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी स्वतः बसून बघतोय." आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्च्या मऊ केल्या, आता स्वतःची केली. बरंच झालं. बुटांचंही तसंच. नाड्यांचे बूट देऊन टाकले आणि पाय सरकवायचे बूट आणलेत. नटायला लागलेत म्हातारपणी, आणि मला म्हणतात वय काय!

१३ फेब्रुवारी

लेकीला वकील केलं. व्हिडिओवर बापाशी बोलायला लावलं. ती सुरुवातीला जोरात होती, "बाबा, घेऊ द्या ना आईला." मग दारावरची बेल वाजली, हे उठून दार उघडायला गेले आणि तेवढ्यात लेक मला म्हणाली, "आई, बाबा असे का चालतायत?"

"कसे?"

"असे. एका बाजूनं."

"अगं, दिवसभर दुकानात उभे असतात. तू मुद्द्याचं बोल."

पण ती नंतर मुद्द्याचं काही बोललीच नाही. फोन ठेवताना म्हणाली, "आई, बाबांना सांभाळ." वकील विरोधी पक्षाला जाऊन मिळाली.

१७ फेब्रुवारी

आज भांडण झालं. लिहिताना अजून हात गरम आहे.

मीच काढलं. म्हटलं, "खरं कारण सांगा. डिकी नाही, केस नाहीत."

"कारण काही नाही. मला आवडत नाही तसली गाडी."

"गाडी आवडत नाही, की माझ्याबरोबर बसायला आवडत नाही? वर्ष झालं, माझ्या बसमध्ये पाऊल टाकलं नाहीत. शेवटच्या दिवशीसुद्धा नाही. अहो, लग्न झाल्यापासून मी पुढे आणि तुम्ही मागे. मला एकदा तुम्हाला शेजारी बसवून गाडी चालवायचीये. एवढंच आहे ते. त्यात मागे कुणी नाही, फक्त तुम्ही बाजूला. म्हणून दोन सीटा."

ह्यांनी हातातल्या रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग म्हणाले, "तू घे. खरंच घे. तू चालव, हिंड. मी घरीच बरा."

होकार मिळाला. असा होकार कुणाला हवाय? ह्यापेक्षा नकार बरा होता.

२२ फेब्रुवारी

आजचा दिवस!

सकाळी हे आपणहून म्हणाले, "चल, दाखव तुझी ती निळी. एकदा बसून बघतो." मी चप्पल घालून दारात उभी! अबोला गेला चुलीत.

मिस्त्रींनी गाडी बाहेर काढून ठेवली होती. हे दोनदा गाडीभोवती फिरले, सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं, "दोरा चांगला वापरलाय," म्हणाले. मग दार धरलं, माझ्याकडे पाठ केली आणि धपकन आत बसले. बसताना "अगाई" असं काहीतरी तोंडून आलं. मी म्हटलं, "खोल आहे ना? मलाही पहिल्यांदा तसंच झालं."

तळ्याकाठच्या रस्त्यानं नेलं. छप्पर उघडं, ऊन छान. मी काय काय बोलत होते कुणास ठाऊक. हे काही बोलत नव्हते, दाराची कडी घट्ट धरून समोर बघत होते. वळणावर बघितलं तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. कपाळावर घामसुद्धा. इतकं भारावलेलं मी ह्यांना लेकीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच पाहिलं. म्हटलं, "अहो, रडताय काय?" तर हसून म्हणाले, "वारा गं."

गॅरेजशी आलो तर उतरेचनात! "अजून एक फेरी मार." मारली. परत आलो. "अजून एक." मी तर हवेतच. तिसऱ्यांदा आल्यावर मिस्त्री पुढे आले, ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला म्हणाले, "ताई, आत टेबलावर गाडीचे कागद आहेत, जरा बघून घ्या." मी आत गेले. कागद बराच वेळ सापडेनात. बाहेर आले तेव्हा हे गाडीला टेकून उभे, आणि मिस्त्री त्यांच्या दंडाला धरून काहीतरी कुजबुजत होते. मला बघताच दोघं गप्प.

मला न कळायला मी काय बाळ आहे? गाडीचं ठरवतायत दोघं. मला अचानक द्यायचीये.

२३ फेब्रुवारी

नाही म्हणाले.

आज पुन्हा, स्पष्ट. "बसून बघितली. छान आहे. पण माझ्यासाठी घेऊ नकोस."

काल डोळ्यांत पाणी आणि आज हे. कुठंतरी पाणी मुरतंय, पण कुठं ते कळत नाही. मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, भाऊंनाच विचारा. आणि गाडीबद्दल नका विचारू." म्हणजे काय?

१ मार्च

आज जे बघितलं ते नीट लिहिते.

हे डबा विसरून गेले होते, म्हणून दुपारी दुकानात द्यायला निघाले. इतकी वर्षं त्या वेळी मी बसवर असायचे, त्यामुळे दुपारचं दुकान मी कधी बघितलंच नव्हतं. दर्शनी दार आतून बंद होतं. मागच्या बोळातून गेले. खिडकी उघडी होती.

आत जमिनीवर एक जुनी खुर्ची ठेवली होती, पाय कापलेली. शेजारी भिंतीवर खडूनं एक रेघ मारलेली. खिडकीच्या गजाला सोफ्याच्या बुडाला लावतात तो जाड पट्टा बांधला होता. हे त्या खुर्चीत बसले होते, पाय लांब पसरून, जसे त्या दिवशी गाडीत बसले होते तसेच. दोन्ही हातांनी पट्टा धरला, दात आवळले, उठायला लागले. अर्धवट उठले आणि परत खाली बसले. थोडा वेळ डोळे मिटून थांबले. पुन्हा पट्टा धरला.

मी खिडकीच्या बाजूला झाले. डबा छातीशी धरून बोळात उभी राहिले.

उभ्यानं चहा. उंच गादी. बिननाड्यांचे बूट. बसच्या पायऱ्या. सगळं एकामागोमाग आलं, थांब्यावर माणसं यावीत तसं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लेकीला फोनवर दिसलं, मिस्त्रींना एका नजरेत कळलं. आणि मी? रोज ह्यांच्या समोर बसून जेवणारी?

मग मुद्दाम पाय आपटत गेले, मागचं दार वाजवलं. "अहो, डबा!"

दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा पट्टा गजालाच होता. तो सोडायचा राहिला होता.

"काय करताय?" मी विचारलं.

"खुर्चीची उंची बघत होतो."

"कुणाची खुर्ची?"

त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुझी," म्हणाले.

मग सांगितलं. डावा खुबा झिजलाय. डॉक्टर म्हणाले होते, सांधा बदलावा लागेल.

"कधी म्हणाले?"

"झालं वर्ष."

"आणि मला?"

"तुला काय सांगणार? माझा खुबा डोक्यात घेऊन बस चालवली असतीस?"

"मग निवृत्त झाल्यावर?"

"निवृत्त झालीस आणि आठवडाभरात गाडीचं खूळ घेऊन आलीस. तेव्हाचं स्वतःचं तोंड बघितलं होतंस का? शाळेतली पोर दिसत होतीस. तिथं मी काय माझा खुबा पुढे करू?" मग आवाज उतरला. "मिस्त्रींकडून सीटची उंची मोजून आणली. वाटलं, सवयीनं जमेल. जमलं की मगच हो म्हणायचं. नाहीतर तू हौसेनं गाडी आणणार, आणि माझ्यामुळे ती दारात उभी. ते मला बघवलं नसतं."

"ऑपरेशन का नाही केलंत?"

"भीती वाटते गं." एवढंच. साठीचा माणूस, आणि लहान मुलासारखा बोलला.

मी त्या पायकापल्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. ते वरून म्हणत होते, "अगं ऊठ, मला खाली बसता येत नाही, तुझे डोळे कसे पुसू?" त्यावर आम्हाला दोघांनाही हसू फुटलं. डबा थंडच खाल्ला. उभ्यानं. दोघांनीही.

४ मार्च

गाडीचं मी रद्द केलं. मिस्त्रींना सांगायला फोन हातात घेतला तर ह्यांनी तो काढून घेतला.

"गाडी घ्यायची," म्हणाले.

"आता नको. आता तुमचा पाय."

"गाडी नाही तर ऑपरेशन नाही."

"हे काय आडमुठेपण?"

"मला काहीतरी हवं ना पुढे दिसायला. नुसतं बरं व्हा म्हटलं तर मी कशाला टेबलावर चढू?"

"मला नकोय ती गाडी!"

"मला हवीये."

घ्या! महिनाभर मी जे जे बोलले ते सगळं आता मला ऐकून घ्यावं लागतंय. डिकीचं मी म्हटलं तर म्हणतात, "दोनदा जाऊ." लेक फोनवर हसून हसून बेजार झाली. शेवटी मी हरले. हरून इतकं बरं वाटलेलं हे पहिलंच भांडण.

२१ मार्च

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवून सगळं समजावलं. ह्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "स्पोर्ट्‌स कारमध्ये कधी बसता येईल?" बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. म्हणाल्या, इतक्या खोल सीटमध्ये काही महिने अजिबात नाही, सांधा निसटेल. मग मी सांगेन तेव्हा. ह्यांनी मान डोलावली, जणू गाडीची डिलिव्हरी कधी मिळणार हेच विचारलं होतं.

गाडी कालच आली. ह्यांनी तिच्यासाठी कापडी आवरण शिवलंय, कडेला पांढरी पट्टी लावून. सोफ्यापेक्षा देखणं झालंय.

१६ एप्रिल

आज झालं. आत नेताना माझा हात सोडवेना. ह्यांना सोडवेना की मला, सांगता येत नाही. म्हणाले, "पायलटबाई, गाडी नीट लावलीये ना सावलीत?" मी म्हटलं, "लावलीये." दार बंद झालं.

बाहेर बाकावर बसून होते. लेक शेजारी. डॉक्टरीणबाई आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला आणि हसल्या. ते हसू मी विसरणार नाही.

शुद्धीवर आल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य, "ह्या पलंगाची गादी फार वाईट आहे."

२ मे

वॉकर घेऊन खोलीत फेऱ्या. मला वाटलं होतं नर्स होऊन बसावं लागेल. पण हे स्वतःच इतके शिस्तीत, व्यायाम सांगायला येणारी मुलगी म्हणते, असा पेशंट नाही बघितला. काल चिडले मात्र. मोजा घालता येईना म्हणून मोजा भिरकावला. मी उचलला, पायात घातला. थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या निवृत्तीची वाट लावली मी."

"कुठं काय? बसपेक्षा हळू चालता तुम्ही, तेवढाच फरक."

१९ मे

गाडी उभी राहिली की बॅटरी मरते म्हणून हे रोज कटकट करतात. "जा, फिरवून आण." मला एकटीला जायचं नव्हतं. शेवटी म्हणाले, "मी खिडकीत उभा राहतो. तू खालून जा. मला बघायचंय."

गेले. चौकाला वळसा घालून आले, वर बघितलं. खिडकीत वॉकर धरून उभे, एक हात वर. पुन्हा वळसा. पुन्हा हात. खालच्या मजल्यावरच्या आजी बाहेर येऊन म्हणाल्या, "काय हरवलंय का हो?"

३० जुलै

परवानगी मिळाली.

आज ह्यांनी दार धरलं, पाठ केली, हळू बसले. पाय एकेक करून आत घेतले. माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर घाम नाही. फक्त बघितलं. तळ्याकाठी गेलो. ह्या वेळी हे बोलत होते आणि मी गप्प. काय बोलले ते इथं लिहिणार नाही. डायरीला सगळंच सांगायचं असं थोडंच आहे?

उतरताना मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला. गरज नव्हती तरी.

१४ सप्टेंबर

आज ह्यांनी नवंच काढलं. तळ्यापलीकडे रिकामं मैदान आहे, तिथं गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, "बाजूला सरक. मला शिकव."

ह्यांनी जन्मात गाडी चालवलेली नाही. घरात एक ड्रायव्हर आहे ना, दुसरा कशाला, असं म्हणत आले. म्हटलं, "अहो, क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो."

"डॉक्टरीणबाईंना विचारलंय. म्हणाल्या, तेवढाच व्यायाम."

मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. ह्या गाडीत मी त्या बाजूला कधी बसलेच नव्हते. तिथून जग वेगळंच दिसतं. स्टिअरिंग नाही, पेडल नाही, हातांचं काय करायचं कळत नाही. गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा आचका. पुन्हा बंद. मग एकदम निघाली. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडी हळूच. एक कुत्रं आम्हाला मागे टाकून गेलं. हे जीभ दातांत धरून, दोन्ही हातांनी चक्र घट्ट पकडून, समोर बघत. सुईत दोरा ओवताना असेच दिसतात.

मी हात मांडीवर दाबून ठेवले होते. पण माझा उजवा पाय सगळा वेळ जमिनीवर ब्रेक शोधत होता.

मैदानाच्या टोकाला गाडी थांबवली. थांबवली म्हणजे बंद पडली. त्यांनी श्वास सोडला, माझ्या पायाकडे बघितलं.

"लागला का ब्रेक?"

"लागला," मी म्हटलं, आणि पाय तिथंच ठेवला.